रोबोकॉनच्या बेसला कुठली चाकं? मेकॅनम, तीन ओम्नी की स्वर्व्ह (थीम यायच्या आत ठरवायचंय)

रंकाळा_रोबो | शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोबोकॉन (कॉलेजांची रोबो स्पर्धा, दर वर्षी नवा खेळ, त्यालाच थीम म्हणतात) टीममध्ये यंदा बेसचं, म्हणजे रोबोच्या खालच्या चाकांच्या गाड्याचं काम माझ्याकडे आलंय. थीम अजून यायची आहे, पण थीम आल्यावर बेसला हात घातला की दिवाळी त्यातच जाते आणि वरच्या मेकॅनिझमला वेळच उरत नाही हे गेली दोन वर्षं बघितलंय, म्हणून आत्ताच चालता बेस करून ठेवायचा असं ठरलंय. कुठला बेस यावर मात्र गाडी अडलीय. (नव्यांसाठी: मेकॅनम म्हणजे कडेला तिरपे रोलर असलेलं चाक, ओम्नी म्हणजे कडेला आडवे रोलर असलेलं, बाजूलाही घरंगळणारं चाक, आणि स्वर्व्ह म्हणजे प्रत्येक चाक वेगळ्या मोटरनं हवं तिकडे वळवता येणारा बेस.)

हातात काय आहे ते सांगतो. सीनियर्सनी ठेवलेली सहा इंची मेकॅनमची चार चाकं, त्यातले काही रोलर ढिले. ४०० आरपीएमच्या चार प्लॅनेटरी मोटर. सायट्रॉनचे मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी सर्किटं), दोन सिक्स-एस लायपो बॅटऱ्या. दोन्ही रोबोंच्या बेसला मिळून ६० हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. माणसं बावीस, पण वर्कशॉपमध्ये खरोखर हात चालणारे सात.

गेल्या वर्षी आमचा बेस पुढेमागे सरळ जायचा पण डावीकडे सरकवला की नाक फिरवायचा, म्हणजे चार मीटर आडवा गेला की फूटभर वाकडा. मॅन्युअलला ड्रायव्हर कसंबसं सावरून घ्यायचा, ऑटोनॉमसमध्ये, म्हणजे रोबो आपणहून चालतो तेव्हा, सावरायला कुणी नसतं. नॅशनल्सला दोन मॅच याच्यापायी रीट्राय (चुकल्यावर परत सुरुवात) घेण्यात गेल्या. त्या दोन मॅच अजून डोळ्यांसमोर आहेत.

फायनल इयरचे दादा म्हणतात मेकॅनम भंगारात द्या, वरच्या टीम स्वर्व्हवर गेल्यात, आपणही स्वर्व्हच करायचा. दुसरा गट म्हणतो तीन ओम्नी लावा आणि मोकळे व्हा. पुढच्या रविवारी मीटिंग आहे आणि मला काहीतरी ठाम घेऊन जायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, लई मदत होईल.

बालेवाडी१४ | शनिवार, सकाळी ८:१५

चांगला धागा, आणि थीमच्या आधी बेसला लागताय हे फार योग्य. मी २०१४ ला पुण्यात बालेवाडीला एबीयू रोबोकॉन (रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी) झाली तेव्हा विद्यार्थी होतो, त्यानंतर काही वर्षं ज्युनियर्सना मदत करायचो, त्यामुळे बरेच बेस चालताना आणि अडकताना पाहिलेत.

पहिली गोष्ट, थीम चाकांचं काय करेल याचा नेम नसतो. २००८ ला पुण्यातच झाली तेव्हा थीम गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ ला आईबाप रोबोनं लहान रोबोला उचलून सीसॉवर, झोक्यावर न्यायचं, तिथं वेगापेक्षा नेमकं थांबणं महत्त्वाचं. २०१९ ला उलानबाटरला तर दुसऱ्या रोबोला चाकं चालणारच नव्हती, चार पायांवर चालायचं होतं. २०२२ ला दिल्लीची लगोरी, एकानं चेंडू मारून चकत्या पाडायच्या आणि दुसऱ्यानं रचायच्या. म्हणून फ्रेमची लांबी-रुंदी आत्ता पक्की करू नका, पण मोटर, हब (चाक मोटरच्या शाफ्टला जोडणारा तुकडा), बेअरिंग, चाक असा एक कोपरा तयार करा जो कुठल्याही फ्रेमला बोल्टनं लागेल. थीम आल्यावर फक्त मधले पाइप बदलायचे.

आता मला दोन गोष्टी सांगा. गेल्या वर्षी ड्रायव्हरला पूर्ण रोबोवर सराव किती दिवस मिळाला? आणि तुमचं प्रॅक्टिसचं फील्ड कशावर आहे, फरशीवर की प्लायवर?

रंकाळा_रोबो | शनिवार, सकाळी ९:०२

दादा, पूर्ण रोबोवर नऊ दिवस. फील्ड प्लायवर, बॅडमिंटन हॉलमध्ये, आठ बाय चारच्या शीट जोडून, सांध्यांवर टेप. सांधे काही ठिकाणी दोनेक मिलिमीटर वरखाली आहेत.

लेथवाला | शनिवार, दुपारी १:३०

मी रोबोवाला नाही, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दर वर्षी कॉलेजची पोरं चाकांचे हब आणि ब्रॅकेट करून घ्यायला येतात म्हणून चार गोष्टी ठाऊक आहेत. बाळा, तुझं दुखणं वाचून मला चाकाच्या प्रकाराचा संशयच येत नाहीये, मला तुझ्या फ्रेमचा संशय आहे.

आज एवढं कर. रोबो सपाट जागेवर ठेव, वर्कशॉपला सरफेस प्लेट असेल तर उत्तम, नसेल तर ग्रॅनाइटचा ओटा चालतो. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद चार पट्ट्या काप आणि प्रत्येक चाकाखाली एकेक सरकव, बॅटरी वगैरे सगळं वजन जागेवर असू दे. मग एकेक पट्टी हळू ओढून बघ. जिथं फाटेल तिथं चाक टेकलंय, जिथं अलगद निघून येईल तिथलं चाक हवेत आहे, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. चार चाकांची फ्रेम वेल्डिंग केली की ती ओढली जातेच, एक कोपरा वर येतोच. तिपाई कधी डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं, तेच हे. दोन्ही कर्णही माप, तीन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर फ्रेम चौकोनी नाही, समांतरभुज झालीय.

दुसरं म्हणजे हब. पोरं गोल शाफ्टवर एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मारतात आणि निघतात. तो दहा मिनिटं धरतो, मग शाफ्टवर गोल चरा पाडून फिरायला लागतो, आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. शाफ्टला फ्लॅट मारून घे (एक बाजू सपाट कर) किंवा चिरलेला क्लॅम्प हब कर, आणि जोडल्यावर पांढऱ्या मार्करनं हब आणि शाफ्टवरून एक सलग रेघ ओढ. मॅच झाली की रेघ बघायची, तुटलेली दिसली तर हब सरकलाय, दुसरं काही तपासायचं कारणच नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चाक लोंबतं ठेवू नकोस, बाहेरच्या बाजूनं एक बेअरिंग दे. चाकाचा धक्का बेअरिंगनं खायचा असतो, गिअरबॉक्सनं नाही.

कोल्हापुरात असशील तर उद्यमनगर दारात आहे, तिथं हे सगळं एका दिवसात होतं. पुण्याला पाठवत बसू नकोस.

एन्कोडरताई | शनिवार, दुपारी ४:५५

लेथवाले काका, ती पांढरी रेघ मला तीन वर्षांपूर्वी माहीत असती तर एक अख्खा आठवडा वाचला असता. धन्यवाद.

मी स्वर्व्ह केलाय, नुसतं लांबून बघितलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिते. कोडचा बाऊ करायची गरज नाही. प्रत्येक चाकाला रोबोचा सरळ वेग आणि फिरण्याचा वेग यांची बेरीज करायची, त्यातून चाकाची दिशा आणि गती काढायची, आणि चाक ९० अंशांहून जास्त वळवायची वेळ आली तर वळवण्याऐवजी उलटं फिरवायचं. दोन हुशार पोरं हे पंधरा दिवसांत सिम्युलेशनवर चालवून दाखवतात आणि मग सगळ्यांना वाटतं स्वर्व्ह झाला. आमचंही तसंच झालं.

खरा वेळ पुढं गेला. चाक कुठल्या दिशेला आहे ते कळायला आम्ही एएस५६०० चा मॅग्नेटिक एन्कोडर लावला होता, स्वस्त आहे आणि एका फेऱ्याला ४०९६ पायऱ्या देतो, म्हणजे कागदावर ०.०९ अंश. पण त्याचा बटणाएवढा मॅग्नेट शाफ्टच्या टोकाला आम्ही गमनं चिकटवलेला, आणि मोटर तापली की तो किंचित फिरायचा. एका मॉड्यूलचं (एक चाक आणि त्याच्या दोन मोटर) शून्य आठ अंशांनी सरकलं, तीन चाकं एका दिशेला आणि चौथं जरा वेगळ्या दिशेला, चारी एकमेकांशी झगडतायत, रोबो चालतोय पण करंट दीडपट आणि मोटर ड्रायव्हर गरम. हे कळायला आम्हाला नऊ दिवस लागले, कारण डोळ्यांना चारी चाकं समांतर दिसत होती. नंतर मॅग्नेटसाठी शाफ्टमध्ये खाच करून घेतली. मग गिअरांमधला ढिलेपणा, मग वळताना पिळून तुटणाऱ्या वायरी. आमचं पहिलं मॉड्यूल जुलैत फिरलं, चारी एकत्र डिसेंबरात चालली आणि ड्रायव्हरच्या हातात रोबो आला फेब्रुवारीत.

चालला तेव्हा मात्र फार सुंदर चालला. रबरी चाकाची पूर्ण पकड, कुठल्याही दिशेला तेवढाच जोर. त्यामुळे मी स्वर्व्हच्या विरोधात नाही. पण तुमच्याकडे हात चालणारी सात माणसं आहेत आणि आठ मोटर, आठ ड्रायव्हर चॅनल, चार एन्कोडर सांभाळायचे आहेत, तेही एका रोबोसाठी. दुसऱ्या रोबोचं काय?

फायनल_इयरवाला | शनिवार, संध्याकाळी ७:१०

धाग्यात उल्लेख झालेला दादा मीच. माझी बाजूही ऐका, मला टीमचं वाईट करायचं नाहीये.

मेकॅनमचा रोलर ४५ अंशांत असतो, त्यामुळे जमिनीला धरून ढकलायची ताकद साध्या रबरी चाकाच्या ७० टक्केच मिळते. २०२४ च्या हार्वेस्ट डे थीममध्ये फील्डला उतार होते, तिथं मेकॅनमवाले घसरताना मी स्वतः पाहिलेत. प्लायच्या सांध्यावर रोलर अडकतो, तोल जातो, सरकताना सगळा बेस थरथरतो आणि वर लावलेला थ्रोअर (वस्तू फेकणारा भाग) हलतो. आपण दर वर्षी 'या वर्षी साधं करू, पुढच्या वर्षी स्वर्व्ह' असं म्हणतो आणि ते पुढचं वर्ष येतच नाही. माझं हे शेवटचं वर्ष आहे, मला शिकलेलं काहीतरी मागे ठेवून जायचंय.

बालेवाडी१४ | शनिवार, रात्री ९:२०

@फायनल_इयरवाला, तुमची तळमळ समजते आणि तुमचा प्रत्येक तांत्रिक मुद्दा बरोबर आहे. पण नऊ दिवस सराव हा आकडा मला सगळ्यात जास्त टोचला. हातात नऊ दिवस बसलेला बेस आणि हातात नव्वद दिवस बसलेला बेस यातला फरक चाकांच्या प्रकारातल्या फरकाहून मोठा असतो, हे मी दर वर्षी पाहिलंय. बालेवाडीच्या त्या हॉलमध्ये प्रॅक्टिसला सगळे रोबो देखणे दिसायचे, मॅचमध्ये मात्र ज्यांचा ड्रायव्हर खाली न बघता समोर बघून चालवायचा ते पुढं जायचे. स्वर्व्ह घेतला तर तुमचा ड्रायव्हर कधी बसणार याची तारीख लिहा. ती तारीख जानेवारीच्या पुढं जात असेल तर या वर्षी नको, असं माझं स्पष्ट मत.

शून्यत्रिज्या | रविवार, सकाळी १०:४५

थोडं गणित टाकतो, मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.

चाकाच्या कडेचा वेग १ धरा. मेकॅनमवर रोबो पुढं १ नं जातो, आडवाही कागदावर १ नं, पण रोलरच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात कमी. चार ओम्नी कोपऱ्यांत ४५ अंशांत लावल्या तर पुढचा वेग १.४१ होतो पण जोर त्याच प्रमाणात घटतो, चार चाकांचा मिळून २.८३ चाकांएवढा. तीन ओम्नी १२० अंशांत लावल्या आणि एक चाक मागे आडवं ठेवून पुढं गेलात तर वेग १.१५ आणि जोर १.७३ चाकांचा, कारण मागचं चाक नुसतं रोलरवर घरंगळत येतं, काम दोघांचंच.

आता तुमचा रोबो २५ किलोचा धरू आणि दर सेकंदाला त्याचा वेग ३ मीटर प्रति सेकंदानं वाढायला हवा असं धरू. ७५ न्यूटन लागतात. मेकॅनमवर चाकामागे पावणेएकोणीस न्यूटन, सहा इंची चाकाची त्रिज्या ७६ मिमी, म्हणजे १.४३ न्यूटन मीटर, दुकानदाराच्या भाषेत साडेचौदा किलो-सेंटीमीटर. रोलरचं घर्षण वगैरे धरून बावीसची मोटर घ्या. तेच ७५ न्यूटन तीन ओम्नीवर दोन चाकांनी ओढायचे, प्रत्येकी ४३, म्हणजे ३.३ न्यूटन मीटर, दुपटीहून जास्त. 'तीन चाकं म्हणजे एक मोटर वाचली' असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं, वाचलेल्या मोटरचे पैसे उरलेल्या मोटर मोठ्या घेण्यात जातात. अर्थात हलक्या रोबोला काही अडचण नाही, १२ किलोच्या रोबोवर हा आकडा निम्म्यावर येतो.

वेगाचं म्हणाल तर सहा इंची चाकाचा परीघ ४७९ मिमी, ४०० आरपीएमला सेकंदाला ६.६७ फेरे, ३.२ मीटर प्रति सेकंद, वजनाखाली अडीच धरा. तुमच्या मोटर पुरेशा आहेत.

आणखी एक, उंच रोबोला तीन चाकं लावताना जपून. चाकं केंद्रापासून ज्या अंतरावर आहेत त्याच्या निम्म्यावरच त्रिकोणाची कड येते, चौकोनात ती ७० टक्क्यांवर असते. जोरात ब्रेक मारला की तीन चाकांचा रोबो लवकर कलंडतो.

पहिलंवर्ष_नागपूर | रविवार, दुपारी १२:२०

बेसिक प्रश्न आहे, रागावू नका. दोन चाकं आणि पुढं कॅस्टर (मोकळं फिरणारं छोटं चाक) असं का नाही करत कोणी? आमच्या लाइन फॉलोअरला (रेघेवरून चालणाऱ्या रोबोला) तसंच होतं आणि मस्त चालायचं.

एन्कोडरताई | रविवार, दुपारी १२:५०

रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. दोन चाकांचा बेस सगळ्यात स्वस्त आणि सरळ चालण्यात सगळ्यात भरवशाचा. पण समजा वस्तू ठेवायच्या खांबासमोर तू उभी आहेस आणि पाच सेंटीमीटर डावीकडे चुकलीस. दोन चाकांवर तुला मागे जाऊन, वळून, पुढं येऊन, परत वळून उभं राहावं लागतं. ओम्नी किंवा मेकॅनमवर नुसतं पाच सेंटीमीटर सरकायचं. मॅचमध्ये असं दहा-बारा वेळा होतं. जिथं बाजूला सरकायची गरजच नाही तिथं अजूनही दोन चाकंच लावावीत.

न्यूजर्सीकर | रविवार, संध्याकाळी ६:०५

इथं अमेरिकेत मी शाळेतल्या मुलांच्या एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज ही रोबो स्पर्धा) टीमचा मेंटॉर आहे, मूळचा साताऱ्याचा. आमचा खेळ वेगळा, १२ बाय १२ फुटांचं फोमच्या टाइल्सचं मैदान, सुरुवातीला रोबो १८ इंची घनात मावला पाहिजे, ३० सेकंद ऑटोनॉमस आणि मग २ मिनिटं हातानं, दोन टीम विरुद्ध दोन. पण वाद अगदी हाच.

आमच्याकडे नियमानं एका रोबोला एकूण आठच मोटर. चार मॉड्यूलच्या स्वर्व्हला आठही मोटर दिल्या तर वर हात हलवायला एकही उरत नाही, म्हणून बहुतेक टीम मेकॅनमवरच राहतात, आणि जे स्वर्व्ह करतात ते वळवायला सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) वापरतात. तुमच्याकडे अशी मर्यादा नसली तरी ६० हजारांची मर्यादा आहे, ती तेवढंच काम करते.

आम्ही एक सीझन सहा रबरी चाकांचा बेस केला होता, मधली दोन चाकं दोनेक मिलिमीटर खाली, म्हणजे वळायला सोपं जातं. ढकलाढकलीत आम्हाला कुणी हलवू शकायचं नाही. पण वस्तू उचलताना मुलं इतकी मागेपुढे करायची की दर फेरीला तीन-चार सेकंद जायचे. पुढच्या सीझनला मेकॅनमवर आलो, मुलांनी रोज संध्याकाळी आमच्या बेसमेंटमध्ये वीस मिनिटं चालवलं, बाकी काही केलं नाही. माझी मुलगी तेव्हा ड्रायव्हर होती, दोन महिन्यांनी ती आमच्याशी बोलता बोलता कंट्रोलरकडे न बघता रोबो दाराच्या चौकटीतून आडवा काढायची.

मेकॅनम ठेवणार असाल तर एक तपासा. वरून बघितलं की चारी चाकांच्या रोलरांची फुली दिसली पाहिजे. डावं-उजवं चाक अदलाबदल होऊन बसलं तरी रोबो पुढेमागे नीट जातो, फक्त सरकताना आणि वळताना विचित्र वागतो. नव्या मुलांकडून हे दर वर्षी एकदा होतंच.

रंकाळा_रोबो | सोमवार, रात्री १०:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज संध्याकाळी लेथवाल्या काकांनी सांगितलेलं केलं. वर्कशॉपची सरफेस प्लेट कामात होती म्हणून कँटीनच्या मावशींना विचारून त्यांच्या ओट्यावर रोबो ठेवला. चार पट्ट्या. मागच्या दोन फाटल्या, पुढची उजवी फाटली, पुढची डावी अलगद हातात आली. दुसऱ्यांदा ठेवून बघितलं, परत तसंच. अख्खं वर्ष आमचं डावं पुढचं चाक जवळजवळ हवेत फिरत होतं आणि आम्ही पीआयडीचे (चूक आपोआप सावरणाऱ्या कोडचे) आकडे बदलत बसलो होतो. कर्ण मोजले, सात मिलिमीटरचा फरक.

हबवर पांढरी रेघ मारून दहा मिनिटं चालवलं, चारपैकी एक रेघ तुटली. रोलरांची फुली मात्र बरोबर होती.

आता प्रश्न असा, फ्रेम सरळ केली तरी प्लायचे सांधे आहेतच, एक चाक तिथं उचलणारच. सस्पेन्शन लावायचं का?

लेथवाला | मंगळवार, सकाळी ७:४०

शाब्बास. स्प्रिंगचं सस्पेन्शन लावायच्या फंदात पडू नकोस, मग वरचा थ्रोअर झुलत राहील. पुढच्या दोन चाकांचा आडवा पाइप फ्रेमपासून वेगळा कर आणि मधोमध एकाच जाड बोल्टवर, पितळी बुशमध्ये, फ्रेमला अडकव. डावीकडचं चाक वर गेलं की उजवीकडचं तेवढंच खाली येतं. मागची दोन चाकं आणि मधला बोल्ट, झाली तुझी तिपाई, आणि चारी चाकं कायम जमिनीवर. खेळ दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटर पुरे, पुढं रबराचा अडथळा दे. बैलगाडी बनवणाऱ्याला सांगितलंस तरी तो करून देईल.

शून्यत्रिज्या | मंगळवार, सकाळी ९:१५

काकांच्या उपायाला दुजोरा. आणि नाक का फिरतं ते पण लिहून ठेवतो. आडवं सरकताना चारी चाकं रोबोला बाजूला ढकलतात आणि त्याच वेळी प्रत्येक जण त्याला थोडं फिरवूही बघतं, दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे, म्हणून ते एकमेकांना खोडतं. एका चाकावर वजनच नसेल तर खोडणारा एक जण कमी. वजन समान आहे का तेही बघा, घरातला डिजिटल वजनकाटा एका चाकाखाली आणि बाकीच्या तीन चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या. बॅटरी इकडेतिकडे सरकवून बरंच जुळवता येतं.

एन्कोडरताई | मंगळवार, सकाळी ११:००

आणि जागा मोजायला मोटरच्या एन्कोडरवर विसंबू नका, मेकॅनम सरकताना घसरतं आणि एन्कोडरला ते कळत नाही. मोटर नसलेली ५८ मिमीची तीन छोटी ओम्नी चाकं स्प्रिंगनं जमिनीवर दाबून लावा, त्यांना ६०० पल्सचा रोटरी एन्कोडर. चारपट मोजणी केली की फेऱ्याला २४००, परीघ १८२ मिमी, म्हणजे एका मोजणीला ०.०८ मिमीच्या आत. आयएमयू (रोबो किती वळला ते सांगणारा सेन्सर) फक्त दिशेची खात्री करायला.

हेच तुकडे उद्या स्वर्व्ह केलात तरी तसेच लागतील.

फायनल_इयरवाला | मंगळवार, रात्री ११:२५

ओट्यावर पट्टी ओढताना मी तिथंच होतो. ती पट्टी अशी निघून आली तेव्हा खरं सांगतो, वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी ती फ्रेम मीच वेल्ड केली होती, आणि गेल्या वर्षी ड्रायव्हरला मी बोललो होतो की तुझा हात स्थिर नाही. आज त्याला भेटून सॉरी म्हणालो.

मी स्वर्व्हचा हट्ट सोडतो, पण एक मागणी आहे. सेकंड इयरच्या दोघांना घेऊन मी एकच मॉड्यूल करतो, टेबलावर, या वर्षीच्या रोबोला हात न लावता. मॅग्नेटसाठी खाच, वायरी, सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी त्यांना शून्यापासून सुरू करायला लागू नये.

बालेवाडी१४ | बुधवार, सकाळी ८:००

ही फार चांगली मागणी आहे. त्या दोघांना माझ्याकडून काही लागलं तर इथं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जुनी ड्रॉइंग्ज पाठवतो.

रंकाळा_रोबो | पुढचा रविवार, रात्री १०:१०

आज मीटिंग झाली, अपडेट देतो.

मोठ्या मॅन्युअल रोबोला मेकॅनमच. शुक्रवारी उद्यमनगरात फ्रेम कापून परत जुळवली, कर्णातला फरक आता एक मिलिमीटर, पुढचा पाइप मधल्या बोल्टवर झुलता केला, बुश पितळी. चारी हब क्लॅम्पचे. ज्या शॉपमध्ये केलं तिथल्या मिस्त्रींनी अर्धेच पैसे घेतले आणि रोबो कधी खेळणार ते विचारून घेतलं. ढिले रोलर बदलायला बुश मागवलेत. काल हॉलमध्ये प्लायच्या सांध्यावरून चार मीटर आडवा नेला, आधी फूटभर वाकडा व्हायचा तो आता चार सेंटीमीटर, तेही अजून आयएमयू जोडलेला नाही. तीन वेळा मोजलं, तेवढंच आलं.

दुसऱ्या, हलक्या रोबोला तीन ओम्नी, तो १२ किलोच्या खाली ठेवायचा असं ठरलंय आणि उंचीही कमी ठेवणार. शून्यत्रिज्या सरांचं गणित फळ्यावर लिहिलं तेव्हा मोटरवरची चर्चा पाच मिनिटांत संपली. थीम उलटसुलट आली तर मधले पाइप बदलू, कोपरे तेच राहतील. स्वर्व्हचं एक मॉड्यूल दादांकडे, त्याला सहा हजार बाजूला काढलेत.

उद्यापासून रोज संध्याकाळी सहाला ड्रायव्हरचा सराव, वर काही नाही, नुसता बेस. बाटल्या मांडून त्यांच्यामधून आडवा काढायचा. ड्रायव्हर गेल्या वर्षीचाच आहे.

एक मदत हवी आहे. ५८ मिमीची ओम्नी चाकं पाच मिळाली आहेत, दोन रोबोंना मिळून सहा लागतील. कोल्हापूर, सांगली, पुणे कुणाकडे एखादं जुनं पडून असेल तर कळवा, येऊन घेऊन जातो.

लेथवाला | पुढचा सोमवार, सकाळी ७:३०

माझ्याकडे गेल्या वर्षी पोरांनी विसरलेलं एक आहे, रोलर सगळे फिरतात. पत्ता व्यनित टाक, एसटी पार्सलनं पाठवतो.